हवाबंद डब्यांचा पहिला कारखाना

आंब्याचा हंगाम सरल्यावरही डब्यातील आमरस वर्षभर टिकतो, याचे आज कोकणात कोणास नवल वाटत नाही. रस डब्यामुळे टिकतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. डब्यांचा धंदा जेथून सुरू झाला, त्या कारखान्याचा इतिहास पाहिला म्हणजे खरे कारण ध्यानात येते.

फ्रान्समधील निकोला अपेर हा मूळचा मिठाईवाला. अन्न काचेच्या बाटलीत भरावे, बूच घट्ट बसवावे व बाटली उकळत्या पाण्यात पुरेसा वेळ ठेवावी, ही त्याची रीत. १८१० साली त्याने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली व सरकारने त्यास १२,००० फ्रँक दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने अशाच पद्धतीचे पेटंट घेतले. त्यात कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यांचाही समावेश होता. कागदाची यंत्रे बनविणारा ब्रायन डाँकिन आणि लोखंडाच्या कारखान्याचा मालक जॉन हॉल यांनी हे पेटंट १,००० पौंडांस विकत घेतले. जॉन गँबल यास भागीदार करून लंडनच्या बर्मंडसी भागात त्यांनी कारखाना काढला. १८१३ पासून तेथील डबे इंग्रजी आरमारास मिळू लागले.

डबे हाताने बनत व डाख देऊन बंद केले जात. ते उघडावयास छिन्नी व हातोडा लागे, कारण डबा उघडण्याची हत्यारे निघावयास आणखी सुमारे चाळीस वर्षे जावयाची होती! परंतु कारखान्याची खरी हुशारी निराळीच होती. तयार डबे लगेच विक्रीस न पाठविता ९० ते ११० अंश फॅरनहाइट उष्णतेच्या खोलीत महिनाभर ठेवीत. आत बिघाड असल्यास वायू तयार होऊन डब्याची टोके फुगत. असा डबा बाजूस काढला जाई. अन्न का बिघडते, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. दोष हवेचा, अशी अपेरचीही समजूत होती. सूक्ष्म जंतूंचे कार्य लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास उलगडून दाखविले. कारण ठाऊक नसताना परीक्षा मात्र बरोबर बसविली होती, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे ठेके स्वस्तात देण्याची चढाओढ लागली. स्टीफन गोल्डनर या ठेकेदाराचा माल मोल्दावियातील गालात्स येथून येई. १८५२ च्या जानेवारीत गॉस्पोर्टच्या आरमारी कोठारात त्याचे डबे उघडले, तेव्हा बहुतेकांतील मांस कुजलेले निघाले. डबे पूर्वीपेक्षा बरेच मोठे केले होते, हे त्याचे एक कारण मानले जाते. मोठ्या डब्याच्या मध्यभागी उष्णता उशिरा पोहोचते. बाहेरचे अन्न शिजते आणि आतले कोमट राहते. डबा हवाबंद असला तरी अशा वेळी त्याचा उपयोग नाही.

पदार्थाच्या आंबटपणाकडेही लक्ष द्यावे लागते. आमरस, टोमॅटो यांसारखे पदार्थ पुरेसे आंबट असल्यास उकळत्या पाण्याच्या उष्णतेने टिकतात. आंबटपणा कमी पडल्यास सायट्रिक आम्ल घालतात. वाटाणा, भेंडी व मांस यांत आंबटपणा नसल्याने काही जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात. त्यांस दाबपात्रातील सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यांतील एका जातीचे विष प्राणघातक असते, आणि वास वा चव नेहमीच बदलेल असे नाही. म्हणून घरच्या साध्या पातेल्यात उकळून भाज्यांचे डबे भरू नयेत. फुगलेला किंवा गळका डबा चाखूनही पाहू नये. तो जनावरांपुढेही न टाकता खोल पुरावा.

गरम खोलीची जुनी परीक्षा अद्याप चालू आहे. प्रत्येक घाण्यातील काही डबे ३७ अंश सेल्सिअसच्या पेटीत ठेवून पाहतात. मात्र काही जंतू वायू न करताच अन्न आंबवितात. तेव्हा डबा फुगला नाही तरी नमुना उघडून आंबटपणा मोजावा लागतो.