जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार आणि आधुनिक सुटे भाग

हैदराबाद येथील चौमहल्ला राजवाड्यात १९१२ सालची पिवळ्या रंगाची एक रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट मोटार जतन करण्यात आली आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागविली होती. परंतु १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मोटार सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत हैदराबादेस पोहोचली. लंडनच्या बार्कर या गाडी बांधणाऱ्या पेढीने तिची बॉडी घडविली असून मागील आसन सिंहासनाप्रमाणे उंच ठेवले आहे. समारंभापुरतीच बाहेर निघणारी ही गाडी फारशी चालविली गेली नाही. अशा मोटारीत नवे भाग बसविण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. ती होती तशी राखणे एवढेच काम उरते.

ज्या जुन्या मोटारी आजही रस्त्यावर चालविल्या जातात त्यांची गोष्ट निराळी आहे. विशेषतः १९६० च्या दशकातील दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारींचा जीर्णोद्धार करताना अधिक शक्तीचे इंजिन, नवा गिअरबॉक्स, रुंद टायर असे आधुनिक भाग बसविण्याचा मोह होतो. वेगाची ही हौस नवी नाही. १९११ मध्ये खुद्द रोल्स-रॉइसने सिल्व्हर घोस्टच्या इंजिनात सुधारणा करून ती लंडन ते एडिंबरो केवळ वरच्या गिअरमध्ये चालविली आणि पुढे हलकी बॉडी बसवून ब्रुकलँड्‌सच्या धावपट्टीवर ताशी १०१ मैलांहून अधिक वेग गाठला. मात्र पुढील चाकांना ब्रेक देण्यास याच कंपनीला त्यानंतर बरीच वर्षे लागली. आधी वेग आणि मागाहून ब्रेक, हा क्रम आजही अनेक गॅरेजमध्ये आढळतो. तो उलटा असावयास हवा.

उदाहरणादाखल ‘एमजी बी’ ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटार घेता येईल. १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत होती. तिचे चार सिलिंडरचे इंजिन १,७९८ घनसेंटिमीटरचे असून शक्ती सुमारे ९५ अश्वशक्ती आहे. पुढील चाकांना पहिल्यापासूनच डिस्क ब्रेक आहेत, ही तिची जमेची बाजू होय. परंतु १९६७ पर्यंतच्या गाड्यांत ऑल्टरनेटरऐवजी डायनॅमो असे. इंजिन मंद फिरत असता डायनॅमो पुरेशी वीज देत नाही. रात्रीच्या वेळी बेगमपेठच्या गर्दीत गाडी रखडली की दिवे मंदावतात आणि बॅटरी उतरू लागते. येथे ऑल्टरनेटर बसविणे ही चैन नव्हे, गरज आहे. रेडिएटरचेही तसेच. मूळ पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर चालत असल्याने गाडी थांबली की त्याचा वारा कमी होतो. एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, तेव्हा पाणी उकळावयास वेळ लागत नाही. विजेवर स्वतंत्रपणे चालणारा पंखा हा यावरील साधा उपाय आहे. तो चार बोल्टांनी बसतो आणि चार बोल्टांनी निघतो.

इंधनाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह ज्या बैठकीवर आदळतात तिचे संरक्षण पेट्रोलमधील शिशामुळे होत असे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. त्यानंतर इंजिनाचे डोके उतरवून तेथे कठीण धातूच्या बैठका बसविणे क्रमप्राप्त ठरले. अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलमुळे जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या फुगतात व चिरतात. शिवाय ते हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत पाणी साचून गंज चढतो. म्हणून इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या बसविणे हा जीर्णोद्धाराचाच भाग मानला पाहिजे. फुटलेल्या नळीतून तापलेल्या इंजिनावर पेट्रोल पडल्यास काय होईल, हे सांगावयास नको.

शक्ती वाढविणे ही मात्र वेगळी बाब आहे. ‘एमजी बी’ला निराळी चॅसिस नाही, बॉडीचे कवच हेच तिचा सांगाडा होय. त्यात मोठे इंजिन बसवावयाचे तर कवचाचा पत्रा कापावा किंवा ठोकून मागे घ्यावा लागतो. इंजिनाचा जोर वाढला की क्लच अपुरा पडतो, क्लच बदलला की गिअरबॉक्सवर ताण येतो, त्यानंतर मागील आस आणि शेवटी ब्रेक. कारखान्यानेही १९७३ ते १९७६ या काळात ३,५२८ घनसेंटिमीटरचे आठ सिलिंडरचे इंजिन या मालिकेत दिले होते, पण ते बंद छताच्या गाडीत, आणि त्यासाठी इतर भागांचाही नव्याने विचार करून. एकट्या मिस्त्रीच्या अंदाजावर असे काम सोपविणे धोक्याचे होय.

कायद्याची रेषाही येथेच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा भिन्न ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात ही भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या सुधारणेनुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व मोटारींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चॅसिस, बॉडीचे कवच किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी फेरबांधणी झालेली नसावी, ही त्यांतील प्रमुख अट आहे. ज्या मालकाने लाखो रुपये खर्चून नवे इंजिन बसविले, त्याची गाडी पन्नाशी उलटूनही या नोंदणीस मुकते.

या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षे ठरविण्यात आली. फेरनोंदणीस ५,००० रुपये पडतात. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. हैदराबादच्या गाडीस म्हणून ‘टीजी व्हीए’. पूर्वीच नोंदणी झालेल्या गाडीस आपला जुना क्रमांक राखता येतो, आणि जुन्या क्रमांकाचे मोल हौशी मालकच जाणोत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल एवढ्यांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. तिची पाहणी राज्याने नेमलेली समिती करते. यास्तव ऑल्टरनेटर किंवा पंख्यासारखा किरकोळ बदलही समितीपुढे उघडपणे मांडलेला बरा.

काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून, गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या तुरिन सनदेचाही कल असाच आहे. पुढे गाडी विकली गेल्यास विक्री करणारा व घेणारा या दोघांनी परिवहन कार्यालयास कळविणे आवश्यक असून, त्या वेळी गाडीबरोबर ही भागांची पेटीही नव्या मालकाच्या स्वाधीन करावी.