कामाच्या घड्याळावर चालणारा रेडिओ

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये रेडिओ म्हणजे बीबीसी. देशातल्या श्रोत्यांसाठी तिच्या तीन सेवा होत्या. बातम्या, भाषणे आणि शालेय पाठ होम सर्व्हिसवर. गाणी, विनोद आणि मालिका १९४५ साली सुरू झालेल्या लाइट प्रोग्रॅमवर. गंभीर संगीत आणि साहित्य १९४६ च्या थर्ड प्रोग्रॅमवर, तेही संध्याकाळी सहानंतर. जाहिराती नव्हत्या. खर्च भागे तो परवाना शुल्कातून : वर्षाला एक पाउंड. त्या काळी पाउंडाचे २४० पेन्स होत, म्हणजे घरटी रोज एक पेनीसुद्धा पडत नसे.

१९५१ च्या सुमाराचा कामाचा एखादा दिवस घेतला तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. ऐकणाऱ्याचे हात त्या वेळी कशात गुंतलेले असतील, हे पाहून कार्यक्रम लावलेले असत.

पहाटे उठणाऱ्यांसाठी होम सर्व्हिस साडेसहाला सुरू होई. वेळ सांगण्यासाठी सहा ‘पिप’ वाजत. शेवटच्या पिपला लोक मनगटावरची घड्याळे लावत. मग बातम्या, हवामान, सव्वादहाला प्रार्थना. लाइट प्रोग्रॅमवर नऊच्या बातम्यांनंतर ‘हाउसवाइव्हज चॉइस’ लागे. नवरा कामावर, मुले शाळेत गेलेली आणि मोरीत भांड्यांचा ढीग, अशा वेळी गृहिणींनी पोस्टकार्डावर कळवलेल्या फर्माइशी ऐकवल्या जात.

साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. हा अर्धा तास कारखान्यांसाठी होता. जून १९४० मध्ये, युद्धसामग्री बनवणाऱ्या कामगारांचा हुरूप टिकावा म्हणून तो सुरू झाला आणि शांततेतही तसाच चालू राहिला. वादकांचा ताफा एका सुरावटीतून दुसरीत न थांबता जाई. नियम कडक होते. चाल ओळखीची हवी. आवाज चढ-उतार न होता एकसारखा हवा, कारण हळू वाजवलेला भाग यंत्रांच्या खडखडाटात बुडून जाई. पेंग आणणारे संथ वॉल्ट्झ नकोत. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ या लोकप्रिय गाण्यावर तर बंदीच होती. त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार हातातले पाने बाकांवर आपटतील, ही भीती. त्या एका बंदीत या कार्यक्रमाचा सगळा स्वभाव दिसतो. कामगारांना तो मनापासून आवडे, यात शंका नाही. पण यंत्रावरचे हात थांबू नयेत, हा त्यामागचा हिशेब होता. कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीतला ‘वर्कर्स प्लेटाइम’ अधिक मोकळा. गायक आणि नकलाकार थेट कारखान्याच्या कँटीनमध्ये येत, आणि समोरच्यांचे खळखळून हसणे देशभर ऐकू जाई.

दुपारची मांडणी सर्वांत विचारपूर्वक केलेली होती. पावणेदोनला पाच वर्षांखालील मुलांसाठी पंधरा मिनिटांचा ‘लिसन विथ मदर’. एक गोष्ट, दोन-चार बडबडगीते, आणि मूल झोपेला येई. बरोबर दोनला ‘वुमन्स अवर’. घरातल्या बाईला दिवसात पहिल्यांदा टेकायला मिळे, ती नेमकी ही वेळ. ऑक्टोबर १९४६ मध्ये या कार्यक्रमाचा पहिला निवेदक पुरुष होता, हे आज चमत्कारिक वाटते. तरीही सुरुवातीच्या काही वर्षांतच रजोनिवृत्तीसारखा विषय तिथे उघडपणे बोलला गेला, तोही वरिष्ठांच्या नाराजीला न जुमानता. रोजच्या एका पेनीहून कमी पैशांत त्या बाईला तिच्याशी इतक्या आदराने बोलणारे दुसरे काय मिळणार होते?

पावणेचारला कारखान्यांसाठी पुन्हा अर्धा तास संगीत, मग ‘मिसेस डेल्स डायरी’ ही एका डॉक्टरच्या पत्नीची रोजनिशी. ज्यांची हुकली त्यांना तोच भाग दुसऱ्या दिवशी सकाळी मिळे. पाचला ‘चिल्ड्रन्स अवर’, सहाला बातम्या.

पावणेसातला ‘द आर्चर्स’. एका शेतकरी कुटुंबाची ही मालिका जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येऊ लागली. अन्नधान्याचे रेशनिंग १९५४ पर्यंत संपले नव्हते, म्हणून शेतीखात्याच्या सहकार्याने पीक वाढवण्याचा सल्ला गोष्टीत घातला जाई. तो ज्यांच्यासाठी होता त्यांपैकी कितीतरी घरांत वीजच नव्हती. तिथला रेडिओ ॲसिडच्या बॅटरीवर चाले. जाड काचेचे ते जड भांडे कडीला धरून दुकानात न्यायचे, चार्ज करून परत आणायचे, आणि वाटेत हिंदकळू द्यायचे नाही. ॲसिडचा थेंब कपड्याला भोक पाडी. शेतकऱ्यांसाठी मालिका लिहिणाऱ्यांच्या कौतुकात ही हमाली हिशेबात धरली जात नाही, ती धरायला हवी.

रात्री नऊला बिग बेनचे टोले आणि मुख्य बातम्या. नंतर नाटके, वाद्यवृंद, नृत्यसंगीत. थर्ड प्रोग्रॅमवर मूठभर श्रोत्यांसाठी अख्खा ऑपेरा. हे मूठभर लोकही वर्षाला तोच एक पाउंड भरत, आणि यंत्रावरची कामगार बाईही तोच. मध्यरात्रीच्या सुमारास सगळे शांत होई.

सप्टेंबर १९६७ मध्ये बीबीसीने सेवांची फेररचना केली. ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ आणि ‘हाउसवाइव्हज चॉइस’ तेव्हाच संपले. ‘वुमन्स अवर’ आणि ‘द आर्चर्स’ त्या फेररचनेत आलेल्या रेडिओ फोरवर अजून सुरू आहेत.