चिकित्सक विचार

चिकित्सक विचार म्हणजे एखादे विधान स्वीकारण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी त्यामागील पुरावा, गृहीतके आणि पर्यायी स्पष्टीकरणे तपासून पाहण्याची विचारपद्धती होय. शिक्षणात ती आकलनाचा पाया मानली जाते, तर दैनंदिन जीवनात आरोग्य, पैसा, श्रद्धा आणि अफवा यांसंबंधीचे निर्णय घेताना ती उपयोगी पडते. महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांत या विचाराची दीर्घ परंपरा आढळते.

स्वरूप

मराठीत ‘चिकित्सा’ हा शब्द रोगावरील उपचार आणि बारकाईने केलेली तपासणी अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. चिकित्सक विचारात दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. या विचारपद्धतीत साधारणपणे पुढील प्रश्न विचारले जातात: प्रत्यक्ष काय दिसले? त्यावरून काय अनुमान काढले गेले? तेच निरीक्षण दुसऱ्या कारणाने घडू शकते का? अनुमान चुकीचे असेल, तर ते कशावरून कळेल? यांपैकी शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जे विधान कोणत्याही पुराव्याने खोटे ठरू शकत नाही, त्याची तपासणीही करता येत नाही.

टीका करणे किंवा सतत संशय घेणे म्हणजे चिकित्सक विचार नव्हे. पुरेसा पुरावा मिळाल्यावर विधान मान्य करणे हाही या पद्धतीचाच भाग आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ मध्ये कराडजवळील टेंभू येथे झाला. १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारक’ या पत्रातून त्यांनी बालविवाह, केशवपन आणि जातिभेद या रूढी तर्काच्या कसोटीवर तपासल्या. रूढी जुनी आहे, एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही, हे त्यांच्या लेखनाचे प्रमुख सूत्र होते. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता, त्याच संस्थेने १९१९ मध्ये सांगली येथे विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील शाळेत (सध्याचे प्रतापसिंह हायस्कूल) प्रवेश झाला. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांना जॉन ड्यूई हे प्राध्यापक लाभले. ड्यूई यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘विमर्शी विचार’ ही कल्पना मांडली होती. एखाद्या समजुतीचा आधार आणि तिचे परिणाम सातत्याने तपासणे, असा तिचा आशय आहे. आधुनिक शिक्षणशास्त्रातील चिकित्सक विचाराची मांडणी मोठ्या प्रमाणात या कल्पनेवर आधारलेली आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्यालय साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींचे विद्यार्थी एकत्र राहत आणि एकत्र जेवत. विटाळाच्या समजुतीला येथे वादविवादापेक्षा रोजच्या अनुभवाने उत्तर दिले गेले.

नरेंद्र दाभोलकर यांचे कार्य

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा जन्म १९४५ मध्ये सातारा येथे झाला. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. काही वर्षे वैद्यकीय व्यवसाय केल्यानंतर ते सामाजिक कार्याकडे वळले. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार आणि धर्माची विधायक चिकित्सा हे समितीच्या कार्यक्रमाचे भाग होते. देव मानावा की मानू नये, हा निर्णय समितीने व्यक्तीवर सोपवला. तिचा आक्षेप फसवणूक व शोषण यांना होता.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकर यांची गोळ्या झाडून हत्या करण्यात आली. १० मे २०२४ रोजी पुण्यातील विशेष न्यायालयाने या प्रकरणात दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली आणि तिघांची निर्दोष मुक्तता केली. दाभोलकर यांनी अनेक वर्षे ज्या कायद्याचा पाठपुरावा केला होता, तो प्रथम अध्यादेशाच्या रूपाने आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने अस्तित्वात आला. तो सर्वसाधारणपणे जादूटोणाविरोधी कायदा म्हणून ओळखला जातो.

शिक्षणातील महत्त्व

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे त्यांपैकी एक कर्तव्य आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही पाठांतरापेक्षा चिकित्सक विचारावर भर देण्यात आला आहे.

वर्गात वापरता येण्याजोगे एक परिचित उदाहरण २१ सप्टेंबर १९९५ चे आहे. त्या दिवशी गणपतीच्या मूर्ती दूध पीत असल्याची वार्ता देशभर पसरली. मूर्तीला लावलेल्या चमच्यातील दूध कमी होत होते, हे निरीक्षण खरे होते. मूर्ती दूध पिते, हे मात्र त्यावरून काढलेले अनुमान होते. रंगीत दूध वापरल्यावर ते मूर्तीच्या पृष्ठभागावरून पातळ थराने खाली ओघळताना दिसले. पृष्ठताण व केशाकर्षण यांमुळे असे घडते. या उदाहरणातून निरीक्षण आणि अनुमान यांतील फरक विद्यार्थ्यांना समजावता येतो. लोक खोटे बोलत होते असे मानण्याची गरज उरत नाही.

दैनंदिन जीवनातील उपयोग

सर्पदंश: सांगली जिल्ह्यातील शिराळा हे गाव नागपंचमीसाठी प्रसिद्ध आहे. ग्रामीण भागात सर्पदंशावर मांत्रिकाकडे जाण्याची प्रथा दीर्घकाळ होती. मंत्राने रुग्ण बरे झाल्याचे अनुभव सांगितले जातात आणि ते अनेकदा खरे असतात. मात्र बहुतेक साप बिनविषारी असतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांसारखे विषारी सापही प्रत्येक दंशात घातक प्रमाणात विष सोडतातच असे नाही. अशा दंशातील रुग्ण मंत्राविनाही वाचला असता. ज्याच्या शरीरात विष भिनले आहे, त्याचा जीव मात्र या विलंबामुळे धोक्यात येतो. त्यामुळे ‘किती जण वाचले’ याबरोबरच ‘उपचार न करता किती जण वाचले असते’ हा प्रश्न विचारावा लागतो. सर्पदंश झालेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

अफवा: सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून जमावाने मारहाण केली. ते पंढरपूरकडे निघाले होते आणि त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता. पोलिसांनी ओळखपत्रे तपासल्यावर ते साधूच असल्याचे स्पष्ट झाले. मुलांविषयीची काळजी रास्त होती, परंतु पडताळणी मारहाणीनंतर झाली. परिसरात कोणाचे मूल हरवले आहे का, माहिती मूळ कोणी दिली, आलेल्या व्यक्तींची ओळख पटते का, हे प्रश्न तत्पूर्वी विचारता येण्याजोगे होते.

मर्यादा

माणूस स्वतःच्या मताला अनुकूल पुरावा सहज स्वीकारतो आणि प्रतिकूल पुराव्याची कठोर तपासणी करतो. उच्चशिक्षित व्यक्तीही याला अपवाद नसतात. त्यामुळे केवळ माहिती वाढल्याने चिकित्सक वृत्ती वाढतेच असे नाही. प्रत्येक गोष्ट स्वतः तपासणे अशक्य असल्याने तज्ज्ञांवर विश्वास ठेवावा लागतो. अशा वेळी तो तज्ज्ञ त्याच विषयातील आहे का, त्याचे म्हणणे इतरांनी तपासले आहे का आणि त्यात त्याचा आर्थिक लाभ गुंतलेला आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. प्रश्न विचारणाऱ्याचा अवमान किंवा त्याच्यावर हिंसा होत असेल, तर ही पद्धत व्यक्तीच्या अंगी असूनही समाजात रुजत नाही. म्हणून कुटुंबात, शाळेत आणि सार्वजनिक जीवनात निर्भयपणे शंका विचारता येणे ही चिकित्सक विचाराची पूर्वअट मानली जाते.