श्रमाचे मोजमाप करणारे संशोधक

लंडन शहरात दुमजली बसगाड्या चालविणारे चालक आणि त्याच गाड्यांवर तिकिटे देणारे वाहक यांच्या प्रकृतीची तुलना करणारा एक शोधनिबंध १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चालक व वाहक एकाच सामाजिक स्तरातील, एकाच शहरात राहणारे आणि एकाच संस्थेचे सेवक होते. फरक एवढाच की, चालक दिवसभर बसून राही, तर वाहकास प्रत्येक पाळीत सुमारे सहाशे पायऱ्यांची चढ-उतार करावी लागे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी असल्याचे दिसून आले. शरीरश्रम आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध मोठ्या लोकसमूहाच्या आधारे दाखवून देणारे हे पहिले महत्त्वाचे संशोधन होय. त्याचे सूत्रधार डॉ. जेरी मॉरिस (१९१०–२००९) हे सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे अभ्यासक होते.

या निष्कर्षावर मॉरिस संतुष्ट राहिले नाहीत, ही गोष्ट अधिक लक्षणीय आहे. मुळातच स्थूल प्रकृतीचे लोक चालकाची नोकरी पत्करीत असतील, तर दोष बसून राहण्याचा की मूळ प्रकृतीचा, असा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी वाहतूक संस्थेच्या गणवेशांच्या नोंदी तपासल्या. चालकांच्या विजारींची कंबर वाहकांच्या विजारींपेक्षा मोठी असल्याचे आणि हा फरक तरुण वयातील सेवकांतही असल्याचे आढळले. ही माहिती त्यांच्या मूळ सिद्धान्ताला काहीशी अडचणीची होती. तरीही १९५६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि पुढील अनेक वर्षे इतर व्यवसायांतील लोकांची पाहणी करून तो प्रश्न धसास लावला. शिंप्याच्या मापांतून विज्ञान घडू शकते, हे कचेऱ्यांतून जुन्या नोंदवह्या सांभाळणाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

व्यायामशास्त्र व क्रीडा-पोषण या विषयांत संशोधन करणे हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. खेळाची आवड असणारे विद्यार्थी त्याविषयी शिक्षकांकडे विचारणा करू लागले आहेत. तथापि हे शास्त्र ज्यांनी उभे केले त्यांपैकी बहुतेकांनी ते महाविद्यालयात शिकलेले नव्हते, कारण असा विषयच तेव्हा अस्तित्वात नव्हता. कोणी गणितातून, कोणी रसायनशास्त्रातून, तर कोणी मूत्रपिंडाच्या विकारांवर उपचार करता करता या वाटेला लागला.

गणितज्ञ धावू लागतो

आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल (१८८६–१९७७) हे केंब्रिज विद्यापीठाचे गणिताचे पदवीधर. पुढे ते शरीरक्रियाविज्ञानाकडे वळले आणि बेडकाचा स्नायू आकुंचन पावताना किती उष्णता निर्माण होते, हे अतिसूक्ष्म उपकरणांनी मोजण्यात त्यांनी अनेक वर्षे घालविली. या कार्याबद्दल १९२२ या वर्षाचे नोबेल पारितोषिक त्यांना ऑटो मायरहोफ यांच्यासह देण्यात आले. मात्र क्रीडाक्षेत्रात त्यांचे नाव झाले ते दुसऱ्याच प्रयोगामुळे. पाठीवर हवेची मोठी पिशवी बांधून हिल स्वतः गवताच्या मैदानावर गोल धावत आणि उच्छ्वासातील हवा त्या पिशवीत जमा करीत. धावण्याचा वेग वाढविला की प्राणवायूचे सेवन वाढते. परंतु एका मर्यादेनंतर वेग कितीही वाढविला तरी ते वाढत नाही. हिल यांच्या बाबतीत ही मर्यादा मिनिटाला सुमारे चार लिटर होती. 'कमाल प्राणवायू-ग्रहण' या नावाने आज खेळाडूंची जी चाचणी घेण्यात येते, तिचा उगम १९२३ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या कामात आहे.

हिल यांच्या सर्वच कल्पना टिकल्या नाहीत. स्नायूच्या आकुंचनाच्या मुळाशी लॅक्टिक आम्ल आहे, असे ते व त्यांचे सहकारी मानीत. १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनर लुंड्सगार्ड यांनी हे आम्ल तयार होऊ न देताही स्नायू आकुंचन पावू शकतो, हे दाखवून दिले. आपल्या शास्त्रात क्रांती झाली असल्याचे हिल यांनी जाहीरपणे लिहून मान्य केले. नोबेल पारितोषिक मिळालेल्या माणसास हे सोपे गेले नसावे.

भारताशी हिल यांचा संबंध वेगळ्या कारणाने आला. १९४३ च्या अखेरीस ते शासनाच्या निमंत्रणावरून भारतात आले, काही महिने येथील प्रयोगशाळा व संस्था पाहत हिंडले आणि वैज्ञानिक संशोधनाची संघटना कशी असावी, याविषयी त्यांनी अहवाल सादर केला.

तळघरातील प्रयोगशाळा

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९२७ मध्ये 'श्रान्ती प्रयोगशाळा' स्थापन झाली. तिला जागा मिळाली ती वैद्यकीय नव्हे, तर व्यापारविद्येच्या महाविद्यालयाच्या तळघरात. कामगार का थकतो, हा प्रश्न कारखानदारीच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटल्याने असे घडले. संशोधनाचे संचालक डेव्हिड ब्रूस डिल (१८९१–१९८६) हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. वाळवंटात बांधल्या जात असलेल्या प्रचंड धरणावर उष्माघाताने मजूर दगावू लागले, तेव्हा १९३२ च्या उन्हाळ्यात डिल व त्यांचे सहकारी तेथे जाऊन राहिले. त्यांनी स्वतःच्या व मजुरांच्या घामाचे पृथक्करण केले. उष्ण हवेत नव्याने काम करू लागलेल्या माणसाच्या घामातून मीठ पुष्कळ जाते आणि उष्णतेची सवय होत जाते तसतसे घामातील मिठाचे प्रमाण कमी होते, असे आढळले. म्हणून उन्हातील कामावर माणसास पहिल्या दिवसापासून पूर्ण कामाला जुंपू नये, काम हळूहळू वाढवावे, असे आजचे शास्त्र सांगते. चैत्र-वैशाखात दुष्काळी कामे काढणाऱ्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

१९३५ मध्ये याच प्रयोगशाळेच्या मंडळींनी चिलीमधील उंच पर्वतावर विरळ हवेत प्रयोग केले. त्या मोहिमेतील ॲन्सेल कीज यांनी पुढे मिनेसोटा विद्यापीठात ३६ स्वयंसेवकांवर १९४४–४५ मध्ये अर्धोपोषणाचा विख्यात प्रयोग केला. युद्धानंतर उपाशी जनतेस पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे ठरविण्यासाठी तो योजण्यात आला होता.

एवढे कार्य करणारी हार्वर्डची ही प्रयोगशाळा १९४७ मध्ये बंद करण्यात आली. तिचे संशोधक निरनिराळ्या विद्यापीठांत पांगले आणि जेथे गेले तेथे त्यांनी नव्या प्रयोगशाळा उभारल्या. हा विषय अमेरिकेत पसरला तो बव्हंशी या पांगापांगीमुळे. परंतु त्यावेळी ज्यांची नोकरी गेली असेल त्यांना हे समाधान कितपत पुरले असेल, हा भाग वेगळा. डिल यांनी लष्करी प्रयोगशाळेत व विद्यापीठांत काम केले, आणि तारुण्यात उंच प्रदेशी आपल्या शरीरावर घेतलेल्या चाचण्या सत्तरी गाठल्यावर पुन्हा घेतल्या. एकाच माणसाचे शरीर वयाबरोबर कसे बदलते, याची अशी नोंद क्वचितच सापडते.

अन्न, पाणी आणि मीठ

क्रीडा-पोषणाचा पाया घालण्यात स्वीडनच्या दोन वैद्यकशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. योनास बेर्गस्ट्रोम यांनी सुईने जिवंत स्नायूचा कणभर तुकडा काढून घेण्याची पद्धत १९६० नंतर पुन्हा प्रचारात आणली. १९६६ मध्ये त्यांनी व एरिक हुल्टमन यांनी एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसून, प्रत्येकाने केवळ एका पायाने, पाय पूर्ण थकेपर्यंत पेडल मारले. नंतर तीन दिवस दोघांनी पिष्टमय पदार्थांनी युक्त असा आहार घेतला. थकलेल्या पायाच्या स्नायूत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठविलेल्या शर्करेचा, साठा विश्रांती दिलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला. अन्न तेच, रक्त तेच, पण ज्या पायाने श्रम केले त्यानेच अधिक साठविले. दीर्घकाळ चालणाऱ्या स्पर्धेपूर्वी भात, भाकरी, बटाटा यांसारखे पदार्थ खेळाडूस का द्यावेत, याचे उत्तर येथे मिळाले.

फ्लॉरिडा विद्यापीठातील मूत्रपिंड-तज्ज्ञ रॉबर्ट केड यांना १९६५ मध्ये एका क्रीडा-प्रशिक्षकाने विचारले की, सामन्याच्या वेळी खेळाडूंना लघवी का होत नाही? या साध्या प्रश्नातून पाणी, मीठ व साखर यांचे जे पेय तयार झाले ते पुढे जगभर विकले गेले. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकत्र शोषले जातात व त्यांच्यामागून पाणी ओढले जाते, हे तत्त्व त्यापूर्वीच पुढे आले होते. त्याच तत्त्वाच्या आधारे डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या रुग्णांना साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचविले. बाटलीबंद पेयाचे नाव सर्वांस ठाऊक असते. जलसंजीवनीची पुडी प्राथमिक आरोग्य केंद्रात असते आणि तिची जाहिरात कोणी फारशी करीत नाही.

भारतातील वाट

श्रम व आहार यांच्या संबंधाचा एक नामांकित अभ्यास भारतातच झालेला आहे. पश्चिम बंगालमधील तागाच्या गिरणीतील कामगार, कारकून, दुकानदार व कोळसा वाहणारे हमाल यांची जाँ मायर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. श्रम वाढले की आहार वाढतो, हे अपेक्षितच होते. परंतु अगदी बैठे काम करणारे लोक हलके काम करणाऱ्यांहून अधिक खात आणि वजनानेही अधिक असत, असे दिसले. भूक ही श्रमाची नेहमीच विश्वासू मोजपट्टी नसते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

महाराष्ट्रात स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी लोणावळा येथे १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामांचा शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजण्यास प्रारंभ केला. त्यांचे निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकातून प्रसिद्ध होत. श्रद्धेचा विषय प्रयोगशाळेत नेण्याचे हे धाडस त्या काळी लहान नव्हते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचे मूळ १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू झालेल्या चौकशी-कार्यात आहे. या संस्थेने २०२० मध्ये सुधारलेल्या कोष्टकांनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीस बैठ्या कामासाठी दिवसाला १,६६० उष्मांक लागतात, तर जड श्रमासाठी २,७२०. ६५ किलो वजनाच्या पुरुषाचे याच क्रमाने आकडे २,११० व ३,४७० आहेत. शेतमजुरी करून घरचे पाणी-सरपणही आणणाऱ्या स्त्रीची गणना कोणत्या रकान्यात करावयाची, हा प्रश्न केवळ कोष्टकाने सुटत नाही. त्यासाठी माणसे शेतावर जाऊन मोजमाप करणारी हवीत. खेळाडूंविषयीच्या संशोधनातही स्त्रियांवर झालेले प्रयोग पुरुषांवरील प्रयोगांच्या मानाने थोडे आहेत, आणि नव्या संशोधकांना येथे काम करण्यास पुष्कळ वाव आहे.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यास शरीरक्रियाविज्ञान, जीवरसायन, आहारशास्त्र, वैद्यक किंवा शारीरिक शिक्षण यांपैकी एका विषयाची पक्की पदवी व त्यानंतर पदव्युत्तर अभ्यास आणि आचार्य-पदवीसाठीचे संशोधन असा मार्ग आहे. म्हणजे शाळा सुटल्यापासून सुमारे दहा वर्षे. संख्याशास्त्राचे ज्ञान अनिवार्य असून विद्यार्थी नेमके तेच टाळतात. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था (१९६१), ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई यांच्या नावाचे शारीरिक शिक्षण केंद्र (१९५७), दिल्लीतील संरक्षण खात्याची शरीरक्रियाविज्ञान संस्था आणि हैदराबादची पोषण संस्था येथे या विषयांशी निगडित काम चालते. पदे मात्र मोजकी असतात आणि अनेकांना ठरावीक मुदतीच्या प्रकल्पांवर वर्षे काढावी लागतात. खाजगी नोकऱ्या अधिक आहेत, त्यांपैकी काही प्रथिनांची भुकटी व पूरक आहार विकणाऱ्या व्यवसायांत. अशा व्यवसायांच्या पैशातून झालेल्या संशोधनाकडे पाहताना प्रयोगात माणसे किती होती, तुलनेसाठी दुसरा गट होता काय आणि खर्च कोणी केला, हे तीन प्रश्न शिक्षकांनी अवश्य विचारावेत. तालुक्याच्या व्यायामशाळेत महागडा डबा घेऊन येणाऱ्या मुलास निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात, मेहनती खेळाडूस त्याहून अधिक लागतात आणि त्यांचा मोठा भाग डाळी, शेंगदाणे, दूध व अंडी यांतून मिळू शकतो, एवढे सांगणारा माणूस गावात असला तरी पुष्कळ झाले.