गणिताशी छत्तीसचा आकडा?

'लातूर पॅटर्न' म्हटलं की आपल्याला बारावीचे मार्क आठवतात. पण गणिताचा धसका बसतो तो दुसरीतच! पिल्लूला 'त्रेसष्ट' लिहायला सांगा. कानावर आधी तीन येतो, मग साठ. ते लिहितं ३६. आपण लगेच डाफरतो, 'लक्ष कुठंय?' अहो, लक्ष आहे म्हणूनच ऐकलं तसं लिहिलंय!

२०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' असंही वाचन आलं, तेव्हा केवढी टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर मात्र ठाम होत्या: जोडाक्षरं टळतात, मुलांना सोपं जातं. आम्हाला तर पटलं बुवा. आणि देगलूर-उदगीरकडच्यांना यात नवल ते काय? शेजारच्या तेलुगू-कन्नडमध्ये आकडे असेच, आधी साठ, मग तीन.

तेव्हा ऑफिसातून दमून आल्यावर पाढ्यांची उलटतपासणी नको. दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी पुढ्यात टाका, त्रेसष्ट रुपये मागा. सहा नोटा, तीन नाणी. मग तेच कागदावर. तरी चुकलं, तर 'कसं काय लिहिलंस?' एवढंच विचारा. मोबाइल बाजूला ठेवून.