रोजच्या गोळीवर चाललेले आयुष्य

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, हा रक्ताचा कर्करोग सुरुवातीला अंगावर काढता येईल इतका सौम्य असतो. थकवा येतो, वजन घटते, प्लीहा वाढल्याने डाव्या बरगडीखाली जड वाटते. पुष्कळदा तो भलत्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत सापडतो. पूर्वी मात्र बहुतेक रुग्ण तीन ते पाच वर्षांत ‘ब्लास्ट क्रायसिस’ या तीव्र अवस्थेत जात आणि मग हाती थोडेच महिने उरत. बुसल्फान, हायड्रॉक्सियुरिया या औषधांनी पेशींची संख्या आटोक्यात येई, आयुष्य फारसे वाढत नसे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने रोग समूळ जाऊ शके. पण त्यासाठी जुळणारा दाता मिळायला हवा, आणि उपचारातच दगावण्याची भीती असे.

१९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तसे दिसते, हे जेनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या सांध्यावर ‘बीसीआर-एबीएल’ हे जोडजनुक तयार होते. त्याचे विकर पेशीला वाढीचा हुकूम सतत देत राहते. इमॅटिनिब हे औषध त्या विकरात एटीपी हा ऊर्जावाहक रेणू ज्या खाचेत बसतो, तिथेच ठाण मांडते आणि हुकूम बंद पडतो. रुग्णांवरील चाचण्या १९९८ मध्ये सुरू झाल्या. २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

‘आयरिस’ या १,१०६ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत इमॅटिनिबने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनीही हयात होते. जुन्या उपचारांच्या गटातले बहुसंख्य रुग्ण मधेच इमॅटिनिबकडे वळले, त्यामुळे दोन गटांची दीर्घकालीन तुलना जवळजवळ निरर्थक ठरली. औषधाचा याहून बोलका दाखला शोधूनही सापडणार नाही. स्वीडनच्या नोंदींनुसार २०१० च्या सुमारास निदान झालेल्यांचे आयुष्य इतरांपेक्षा सरासरी तीन वर्षांहूनही कमी काळाने घटते.

अर्थात, गोळी परवडली तरच. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिब बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतीय कंपन्यांच्या कितीतरी स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाट मोकळी राहिली. भारतात हा रोग पाश्चात्य देशांच्या मानाने तरुण वयात आढळतो. म्हणून औषधही अधिक वर्षे घ्यावे लागते.

इथेच खरी गोम आहे. बरे वाटू लागले की डोस चुकू लागतात. मळमळ, पायात गोळे, डोळ्यांभोवती सूज हे त्रास किरकोळ असले तरी रोजचे असतात. डोस वारंवार चुकले की रोगावरची पकड सुटते, म्हणून बीसीआर-एबीएलचे प्रमाण ‘पीसीआर’ तपासणीने ठरावीक काळाने मोजतात. विकराच्या खाचेतच बदल होऊन इमॅटिनिब निष्प्रभ ठरले, तर डासाटिनिब, निलोटिनिब किंवा पोनाटिनिब वापरतात.

काही वर्षे रोगाचा माग लागला नाही, तर औषध थांबवूनही पाहतात. फ्रान्समधील ‘स्टिम’ चाचणीत सुमारे ४० टक्के रुग्णांत रोग परतला नाही. ज्यांच्यात परतला, त्यांपैकी बहुतेकांत तो पहिल्या सहा महिन्यांतच दिसला आणि गोळी पुन्हा सुरू करताच जवळजवळ सगळ्यांत आटोक्यात आला.