बीडचं पाणी, बीडचे माळ

1931 साली सलीम अली निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करायला निघाले, तेव्हा बीड जिल्हा त्याच राज्यात होता. पाहणीचा वृत्तान्त पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापून आला आणि दख्खनच्या पक्ष्यांच्या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला. त्या काळच्या बीडमध्ये मोठं पाणी जवळपास नव्हतंच. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी वाहत होती. सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा पावसाळ्यात फुगत आणि उन्हाळ्यात आटत. पैठणचा नाथसागर, माजलगावचं धरण, धनेगावचं मांजरा धरण, बीड शहराला लागून पालीचा बिंदुसरा प्रकल्प, यांतलं काहीही बांधलं गेलेलं नव्हतं. होते ते बालाघाटाचे उघडे माळ, ज्वारी-बाजरीची रानं, आणि बीडच्या खजाना बावडीसारख्या जुन्या विहिरी-बारवा.

आज हिवाळा लागला की बीडमध्ये कुठे ना कुठे ‘दुर्मिळ पक्षी दिसला’ अशी बातमी फिरते. मोबाइलवर फोटो येतो, लांब मानेचा एखादा पक्षी, मागे धरणाचं पाणी. आनंद खराच असतो. पण दुर्मिळ हा शब्द काळाच्या हिशेबाने तपासून पाहावा लागतो. गेल्या नव्वद वर्षांत या जिल्ह्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. जिथे पाणी नव्हतं तिथे ते आलं आणि पाणपक्ष्यांना थारा मिळाला. त्याच काळात माळ आक्रसले आणि माळावरचे पक्षी हरवू लागले. बातमी मात्र पहिल्याच गोष्टीची होते.

धरणाने बदललेला नकाशा

जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. गोदावरीवरचं मोठं धरण आधी तिथेच बांधायचं ठरलं होतं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जागा बदलून ती नदीच्या वरच्या अंगाला पैठणला गेली, प्रकल्पाचं नाव मात्र तेच राहिलं. 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरणाचा उजवा कालवा बीड जिल्ह्यात उतरतो आणि सिंदफणेवरच्या माजलगाव जलाशयाला पाणी देतो.

या धरणाचा जलाशय, म्हणजे नाथसागर, पसरट आहे, कडेला उथळ आहे. पाणपक्ष्यांना नेमकं हेच लागतं. खोल पाण्यात पाणडुब्या बदकांची सोय होते. चिखलात चोच खुपसून किडे वेचणाऱ्या टिलवा, तुतवार, मालगुजा यांना मात्र घोट्याइतकं पाणी आणि ओला गाळ हवा असतो. 1986 साली नाथसागराचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे 341 चौरस किलोमीटर. कागदावर ते शेजारच्या दोन जिल्ह्यांत मोडतं, पण पक्ष्याला जिल्ह्याची हद्द कळत नाही. रात्र जलाशयावर काढून तो दिवसा चरायला गोदाकाठच्या शेतांवर जातो.

या पाण्यावर उतरणाऱ्यांत पट्टकादंब हा हंसाच्या कुळातला पक्षी सर्वांत लांबचा प्रवासी नसेलही, पण सर्वांत उंचावरचा नक्कीच आहे. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे आडवे पट्टे, एवढी त्याची ओळख पुरते. मंगोलिया, तिबेट, लडाख इथल्या सरोवरांकाठी तो वीण करतो आणि हिमालय ओलांडून भारतात उतरतो. संशोधकांनी अंगावर यंत्रं बसवून घेतलेल्या नोंदींत एका पक्ष्याने 7,290 मीटरची उंची गाठलेली आढळली. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगला पकडतं. तरीही तो उगाच उंच जात नाही, डोंगराच्या चढउतारांना धरून जमेल तितकं खालून उडतो, हेही त्याच अभ्यासांतून समोर आलं. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी चढवलेले पट्टकादंब महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाहिले गेले आहेत. नुसत्या डोळ्याने वाचलेला असा एक क्रमांक दोन देशांमधला मार्ग सिद्ध करतो.

पाणी कमी झालं की

धरणाच्या काठी पक्षी कधी दिसतील हे कॅलेंडरवर ठरत नाही, पाणीसाठ्यावर ठरतं. जलाशय तुडुंब असताना काठ बुडालेले असतात, चिखल कुठेच उघडा नसतो, म्हणून चिखलपक्षी कमी. डिसेंबरनंतर आवर्तनं सुटतात, पाणी मागे सरतं आणि गाळ उघडा पडतो. मग त्यांची गर्दी वाढते. सप्टेंबर 2025मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि जायकवाडीतून गोदापात्रात प्रचंड विसर्ग झाला. अशा वर्षी काठ उशिरा उघडे पडणार, हे ध्यानात ठेवूनच नोंदींकडे पाहायला हवं. दिवाळीत पक्षी दिसले नाहीत म्हणून ‘यंदा आलेच नाहीत’ असं म्हणणं घाईचं ठरतं.

याच्या उलट टोकाचं वर्ष 2016. मांजरा धरण कोरडं पडलं आणि त्यावर तहान भागवणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या बीड जिल्ह्यात असं वर्ष पुन्हा येऊ शकतं. तळं आटलं की पाणपक्षी दुसरं पाणी शोधतात. म्हणूनच एका वर्षाच्या आकड्यावरून पक्षी वाढले की घटले, हे सांगता येत नाही.

उघडा पडलेला गाळ शेतकऱ्यालाही हवा असतो. बुडित क्षेत्रातली गाळपेर जमीन कसदार, तिथे हरभरा-गहू पेरला जातो. कोवळा हरभरा पट्टकादंबालाही आवडतो आणि करकोच्यालाही. शेतकऱ्याने त्यांना हाकलणं स्वाभाविक आहे. पण हाकलणं वेगळं आणि विष घालणं किंवा जाळं लावणं वेगळं. दुसरं कायद्याने गुन्हा आहे.

शहरात काय दिसतं

बीड शहरात हिवाळ्यात पक्षी पाहायला फार लांब जावं लागत नाही. बिंदुसरेच्या पात्राकाठी शेपटी वरखाली हलवत चालणारा धोबी, पडक्या भिंतीवर बसून तांबूस शेपूट थरथरवणारा थिरथिरा, झाडाच्या शेंड्याला न दिसता चिवचिवणारा पर्णवटवट्या हे सगळे हिवाळ्यातच येतात. चारदोन तोळ्यांचीही नसलेली ही पाखरं हिमालय आणि त्यापलीकडून आलेली असतात. त्यांना कुणी दुर्मिळ म्हणत नाही, कारण ती लहान आहेत आणि फोटोत उठून दिसत नाहीत. पाण्याच्या मधोमध उभं असलेलं कंकालेश्वर मंदिर, पालीचा जलाशय, जुन्या बारवा आणि चिंचा-वडांची झाडं हीच या शहराची पाखरांसाठीची जागा.

वरून जाणाऱ्यांत एक नाव आवर्जून घ्यायला हवं, ते अमूर ससाण्याचं. सैबेरिया आणि उत्तर चीनमध्ये वीण करणारा हा कबुतराहून लहान शिकारी पक्षी हिवाळा आफ्रिकेच्या दक्षिणेत काढतो. वाटेत नागालँड-मणिपूरमध्ये थांबतो. 2012मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी त्याची मोठ्या प्रमाणावर शिकार झाल्याचं उघड झालं. तिथल्या गावांनी ती थांबवली आणि 2013च्या नोव्हेंबरमध्ये नागा, वोखा आणि पांगती अशी नावं दिलेल्या तीन ससाण्यांवर उपग्रह-यंत्रं बसवली गेली. ईशान्येतून निघालेले हे पक्षी दख्खनचं पठार ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतात. त्यामुळे नोव्हेंबरात मराठवाड्याच्या आकाशाकडे जरा लक्ष ठेवायला हरकत नाही.

शहरात एक धोकाही याच दिवसांत असतो. संक्रांतीच्या पतंगांना लावलेल्या नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो. झाडांत अडकलेला मांजा पुढे कितीतरी महिने पंख कापत राहतो. जखमी पक्ष्यांसाठी जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावचं सर्पराज्ञी वन्यजीव केंद्र काम करतं.

माळावरची खरी दुर्मिळता

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांत बालाघाटाचे माळ आहेत. पाटोदा तालुक्यात 1994 साली मोरांसाठी नायगाव मयूर अभयारण्य झालं, सुमारे 30 चौरस किलोमीटरचं. हिवाळ्यात असल्या माळांवर भोवत्या हे शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत नाकतोडे आणि उंदीर टिपतात. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात आणि राखणदार गोफण उचलतो. ही भोरडी मध्य आशियातून येते. तिकडे ती टोळ फस्त करते म्हणून चीनच्या शिनजियांग प्रांतात तिच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून दिली गेली. इथे कणसं खाणारी भोरडीच पिकावरच्या अळ्या आणि कीटकही वेचते, हा हिशेबही मांडायला हवा.

माळाचा सर्वांत मोठा पक्षी माळढोक. बीडला लागून असलेल्या कर्जत आणि त्यापलीकडच्या करमाळा तालुक्यांचा भाग 1979च्या माळढोक अभयारण्यात आला. सोलापूरजवळचं नान्नज हे त्याचं केंद्र. आज महाराष्ट्रात माळढोकाची गणना एका हाताच्या बोटांवर आली आहे आणि 2011पासून जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. कारणं ठाऊक आहेत : शिकार, विजेच्या तारा, आणि माळ नांगराखाली जाणं. कालव्याचं पाणी आलं तसा ऊस आला, ज्वारीची रानं घटली. सरकारी दप्तरात माळ ‘पडीक’ ठरतो आणि मग तिथे झाडं लावली जातात, पवनचक्क्या उभ्या राहतात. अपारंपरिक वीज हवीच, पण तारा आणि पाती कुठून जाणार हे ठरवताना पक्ष्यांचा मार्ग आधी पाहिला गेला पाहिजे. गवताच्या माळावर झाडं लावणं म्हणजे माळ मोडणंच. धरणामुळे पट्टकादंब आला, हे खरं. माळढोक गमावून त्याचं स्वागत करणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

नोंद कशी करावी

पक्षी दिसला एवढं सांगून भागत नाही. कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता, किती पक्षी, पाण्यात की शेतात, एवढं लिहिलं तर ती नोंद पुढे कामाला येते. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षीकोशा’त स्थानिक नावं जमा केली. तशी बीडच्या बोलीतली नावंही जुन्या राखणदारांकडून, मेंढपाळांकडून, मच्छीमारांकडून लिहून घ्यायला हवीत. नोंदवणारा फोटोसाठी घरट्याजवळ गेला किंवा थवा उठवत राहिला, तर त्याची नोंद पक्ष्याच्या मुळावर येते.

5 नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने 2020पासून पक्षी सप्ताह म्हणून साजरा करायचं ठरवलं. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, ती 1987पासून चालू आहे. बीडच्या शाळा-महाविद्यालयांनी माजलगाव, पाली आणि धनेगाव या तीन जलाशयांवर आणि त्यांच्या जोडीला एका तरी माळावर दरवर्षी एकाच ठरलेल्या आठवड्यात मोजणी केली, तर दहा वर्षांत या जिल्ह्याकडे स्वतःचा पक्का आकडा असेल. जखमी पक्षी दिसला तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. दिवाळीच्या सुट्टीत एक वही घ्या, आणि मोजणीत माळाला पाण्याइतकीच जागा द्या.